बिनफोडणीचं वरण

२ फेब्रुवारी, रविवार

वांग्याची भाजी पुन्हा गोडसर! इथली वांगी नुसती पाण्याने फुगलेली — रंग छान, चव शून्य. आई फोनवर म्हणाली, "तिखट टाक न व. कंजूसी काहून करतं?" अकोल्याहून आणलेलं तिखट दोन बोटंच उरलंय, हे तिला सांगितलं नाही.

नियम अमरावतीपासूनचा. नर्सिंगला होते, खोली करून राहायचे, तेव्हा रोज आईला विचारायचे — आज काय केलं? तेच मी करायचे. सहा वर्षं झाली. आता ती अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरी करते, मी इथे जर्मनीत, लाइपझिगला करते. स्वयंपाक एकच, फक्त चुली दोन.

बाबांच्या छातीत चार दिवसांपासून दुखतंय. दाखवायला जा म्हटलं तर फुलांच्या दुकानात बसलेत! हाराचा दोरा दातात धरून बोलत होते. "तू पेपर काढ. पास होऊनच ये. तोवर मी कुठी जात नाही."

सतरा तारखेला इथल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा, निकाल त्याच दिवशी. दुसरी खेप. या वेळीही नापास झाले तर नोकरी संपली, सामान बांधायचं. बाबांनी हे सगळ्या फूलबाजारात सांगून ठेवलंय.

४ फेब्रुवारी

भावाचा, जीवनचा मेसेज — बाबांना झटका आला, दवाखान्यात आहेत, धोका नाही. धोका नाही तर आई फोन का उचलत नाही? जेवले नाही.

५ फेब्रुवारी

आई बोलली एकदाची. आवाज पार बसलाय.

काय केलं आज? "काही नाही केलं. खुर्शीदबीनं पिठलं-भाकर धाडली." खुर्शीदबी आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. "तू बी आज गॅस पेटवू नको. कोनाजवळून मांगून खाय."

मागून? परक्या देशात मी कोणाच्या दारात उभी राहू! पण तिचा आवाज असा होता की वाद घातला नाही. बाजूच्या खोलीतल्या जिन्सीकडे मागितलं. ती केरळची, माझ्यासारखीच नर्स. तिने भाताची पेज दिली. विचारलं, आजारी आहेस का? म्हटलं, मी नाही, माझे वडील. मग तू का पेज खातेस, म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

तिकीट बघून ठेवलं. जीवनला सांगितलं तर अंगावर आला — "येऊन काय करशीन? पेपर दे. बाबाचंच म्हननं हाय ते!" माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे तो. असा कधी बोलला नव्हता.

७ फेब्रुवारी

साधं वरण-भात. फोडणी नाही. "डॉक्टरनं तेल बंद केलं. आमी बी तेच खाऊन राहिलो. तू बी तेच खाय." ठीक.

८ फेब्रुवारी

उकडलेले आलू, वर मीठ. कामावर वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या पेशंटांना दुपारी भरवते, तेच संध्याकाळी मी खाते. वैताग!

१० फेब्रुवारी

आज म्हणते हळदही नको. हळदीने कोणाचं हृदय बिघडतं? मी नर्स आहे, पथ्यं मला शिकवू नये कोणी. तसं बोललेही. ती म्हणाली, "सांगून राहिली ना मी, ऐक."

एक विचार आला. तो इथे लिहिणार नाही.

११ फेब्रुवारी

आज फोडणी दिली. मुद्दाम! खिडकी सताड उघडली, बाहेर उणे सहा. मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, आणि डब्यातलं उरलंसुरलं सगळं तिखट. जिन्सी खोकत खोकत आली. दोन वाट्या वरण ओरपलं, नाका-डोळ्यांतून पाणी. फोडणीचा वास येतो ते घर ठीक असतं. आमचं घर ठीक आहे. काही झालेलं नाही.

आईला सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. मला ती चिडायलाच हवी होती. ती एवढंच म्हणाली, "पोटभर खाल्लं ना? बस."

बाबांना फोन दे म्हटलं. झोपलेत म्हणे.

१२ फेब्रुवारी

बाबा अजून झोपलेलेच.

१३ फेब्रुवारी

पुन्हा बिनफोडणीचं. निमूट गिळलं. पुस्तकातलं एक अक्षर डोक्यात जात नाही. भीती वाटते. परीक्षेची नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज एकदम हुकूम सुटला — वडे तळ, कढी कर, खीर कर, सगळ्याला फोडणी दे! "उद्या पेपर हाय तुया, तोंड गोड कर." आणि पहिलं ताट खिडकीबाहेर ठेव म्हणाली, "पाखरं खातीन."

ठेवलं. जरा वेळाने कावळा आला, वडा घेऊन गेला. मी चार तारखेपासून बोटांवर मोजायला लागले. दहावर थांबले. मूठ मिटली.

अभ्यास करायचाय.

१७ फेब्रुवारी

पास.

निकाल हातात पडताच आईला फोन लावला. तिने आधी विचारलं, "जेवली काय?" मग पास झाल्याचं ऐकलं आणि फोन जीवनच्या हातात दिला.

१८ फेब्रुवारी

बाबा चार तारखेलाच गेले. पेपर होईपर्यंत मला काही कळू द्यायचं नाही, हे दवाखान्यात नेताना त्यांनीच आईकडून कबूल करून घेतलं होतं. आई म्हणाली, "सांगता नाही आलं व पोरी. पन तुयाकडून सुतक तं पाळून घेतलं मी."

सगळं पाळलं गेलं. एक अकरा तारीख सोडून.