न वटवलेला तांदूळ

६ नोव्हें. २०११, कामठा
गोंदियाच्या वाचनालयातलं जाडं पुस्तक संपेना. अमेरिका समुद्रापार कशी पसरली, एवढंच लिहायचं होतं, निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यापुरतं. मी अजून प्रशांत महासागरातच. ग्वाम, सामोआ, मिडवे, वेक... मोठ्यानं म्हणून पाहिलं. चौथीतल्या समुद्राच्या कवितेच्या चालीत बसतात! समुद्र मात्र अजून पाहिलेला नाही.
सौ. आतून : "आता कोणाचं नाव जपून रायले जी?"

९ नोव्हें.
पाखरांच्या विष्ठेसाठी बेटं घेतली! कायदाच होता. बेवारस बेटावर असं खत सापडलं की अमेरिकन माणसानं ते आपल्या देशाचं म्हणून सांगावं. शेजारचा टेकचंद, माझा चुलतभाऊ, आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत, सांदवाडीत, शेण टाकायला आला होता, त्याला सांगितलं.
"खतासाठी बेट? काऊन भाऊ, त्याइच्या घरी ढोरं नव्हती का?"
"पाखरांचं रे."
"मंग त बेस. युरियाची लाइन नाही लागत."
खूप हसलो. तो गेल्यावर त्या उकिरड्याकडे पाहत बसलो. उकिरडा त्याचा, सांदवाडी माझी. माय गेली त्या वर्षी मीच 'टाक' म्हणालो होतो. तिथं बोरीखाली बसून माय माझी शाळेची कविता ऐकायची. वाचता येत नव्हतं तिला, पण ओळ गाळली की मान वर.

१७ नोव्हें.
वाफेच्या बोटींना वाटेत कोळसा लागे. आधी कोळशाचा ढीग, मग धक्का, मग पहारा, मग झेंडा.
लिहिता लिहिता पेन थांबलं. आधी उकिरडा, मग तणसाचा ढीग, मग बल्ल्या रोवून ताडपत्री. आणि आज विटा उतरल्या.
टेकचंद : "कोठा बांधतो ना भाऊ, ढोरं कवरीक उघड्यावर ठेवू? तुमाले का तिथं बाग लावायची हाये?"
बाग नाही. नुसतं बसायचं होतं. हे कसं सांगायचं?
सौ. : "बोला ना मंग तोंडानं. कविता म्हणत नोका बसू."

२ डिसें.
क्युबाच्या किनाऱ्यावर अमेरिकेचा आरमारी तळ. भाडेपट्टा, मुदत नाही. भाड्याचा चेक दरसाल जातो, क्युबावाले वटवत नाहीत, टेबलाच्या खणात टाकतात. वटवला म्हणजे पट्टा मानला. क्रांतीनंतर एकच घोळात वटला म्हणतात, तर अमेरिका अजून त्यावर बोट ठेवून बसली आहे.
उठलोच. सांदवाडीत फेऱ्या. टेकचंद दर हंगामाला नव्या चिन्नोर तांदळाचं पोतं, चुंगडी, देतो. "जागेचं, भाऊ," म्हणतो, हसून. आणि आम्ही खातो. त्यांचा एक वटला, आम्ही तर सगळे...

१४ डिसें.
चुंगडी आली. स्वतः खांद्यावर आणली त्यानं. मी उघडू दिली नाही. सौ.ला क्युबा समजावला.
"त्याइच्या खणात कागद होता जी. तांदराले सोंडे लागतेत."

२३ डिसें.
डोळे दाखवायला गोंदियाला. टेकचंदच्याच मोटारसायकलवर, आणखी कोण नेणार? थंडी मरणाची. स्वतःचा मफलर काढून माझ्या कानाला गुंडाळला. बसस्टँडवर चहा.
"काऊन भाऊ, यंदाचा चिन्नोर कसा लागला?"
"अजून... उघडला नाही."
त्यानं कप खाली ठेवला. मग : "माहं काई चुकलं का?"
कोण्या आरमारानं असं विचारल्याचं वाचनात नाही. परतताना त्याच्या पाठीआड वारा लागत नव्हता.

२ जाने. २०१२
कोठ्याची भिंत गुडघ्याएवढी. बोरीची फांदी आड येते, तोडू का, विचारून गेला. 'थांब' म्हटलं, एवढंच. निबंधाचं शेवटचं पानही असंच अडलेलं.
सकाळी सौ.नं चुंगडी सोडली, मला न विचारता. टेकचंदला जेवायला बोलावलंय. "काय ते समोर बसून बोला. नाही त चूपचाप खा."
भाताचा वास या टेबलापर्यंत. फाटक वाजलं. आला.
टेकचंद : "भाऊ, या ना! ताट थंडं होऊन रायलं."
जातो. आधी बोलावं, की आधी घास घ्यावा...