अग्निशिखेची चौहद्दी

१२ जानेवारी २००९

झाली! अग्निशिखा माझी झाली! लेवल एकसष्ट, लाल झगा, वीज पाडणारी काठी! नेटवरच्या खेळातली ही जादूगारीण कटंगीच्या राजूने वर्षानुवर्षं खपून वाढवलेली. त्याला पॉलिटेक्निकची फी भरायची होती, माझ्याकडे शिकवण्यांचे पैसे होते.

बाबा रजिस्ट्री ऑफिसातून रिटायर, पण सवय कुठे जाते! ‘स्टॅम्प पेपर नाई तं इक्री कायची?’ कचेरीसमोर कागद लिहून देणारा अर्जीनवीस म्हणाला, ‘चौहद्दी बताओ.’ चारी बाजूंना काय काय आहे ते! मी पण सांगितलं — पूर्वेला बर्फाचा डोंगर, पश्चिमेला राक्षसांचा बाजार. त्याने मान खाली घालून लिहून घेतलं! बाबा साक्षीदार. सही करताना राजूचा चेहरा मात्र एवढासा झाला होता.

१९ जानेवारी

खेळातल्या टोळीने मला सरदार केलं! पुण्याची, हैदराबादची, कुठकुठली पोरं — आणि हुकूम सुटतो बालाघाटच्या सायबर कॅफेतून. घरात माझं मांजरही ऐकत नाही.

२ फेब्रुवारी

पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा.

३ फेब्रुवारी

राजूनेच बदलला! जुन्या ईमेलवरून! फोन उचलत नाही, लबाड कुठला.

आई म्हणते, ‘खेळच तं हाय, काहून रडून राह्यली?’ खेळ काय — तिथे लोक माझं ऐकतात! हे आईला कसं सांगू?

बाबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदार : ‘चोरी क्या हुआ, दिखाओ.’ दाखवणार काय, कपाळ? बाबांनी स्टॅम्प पेपर पुढे केला. हवालदार वाचत वाचत राक्षसांच्या बाजारापर्यंत आला आणि जो हसत सुटला! बाबा लालेलाल. ‘आता सोडत नाई मी त्याले! लोक अदालतीत अर्ज टाकतो.’ रात्री जेवताना चक्क शीळ घालत होते. रिटायर झाल्यापासून त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

७ मार्च

लोक अदालत! बाबांनी कोट घातला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, ‘कब्ज़ा किसका माना जाए?’ मी म्हटलं, ‘जिसके पास पासवर्ड, उसका.’ बाई हसल्या नाहीत — लिहून घेतलं! मग मी भाषणच ठोकलं. आवाज खणखणीत!

राजू उभा राहिला. ‘इकलं ते खरं हाय. मी फक्त पाहाले गेलतो, कशी हाय म्हून. मंग निंघताच आलं नाई.’

माझा राग तिथेच निवला. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

तडजोड झाली. एक दिवस माझी पारी, एक दिवस त्याची — असं बाईंनी लिहवून घेतलं. बाबांनी कोरा स्टॅम्प पेपर आणलेलाच होता! घरी पेढे!

९ मार्च

माझी पारी. किल्ला घेतला!!

२६ मार्च

कंपनीची नोटीस. एकतीस तारखेला खेळच बंद. सगळ्यांचाच. आता कोणत्या अदालतीत जायचं?

बाबांनी कंपनीचे सगळे नियम वाचून काढले. मग म्हणाले, ‘यात आपलं काई नोतंच बाई. राजूचंही नोतं. सारं कंपनीचंच.’

३१ मार्च

राजूचा फोन. ‘ताई, आज तुमची पारी हाय. मी बाजूले बसू का?’

ये म्हटलं.