कप्तानसाहेबांचं वायरिंग

३ मार्च
पेटी आली! जीपीएस — नकाशा, दिशा, पाण्याची खोली, सगळं म्हणे एका पडद्यावर. कप्तानसाहेबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, ती जेवणाच्या टेबलावर मांडली आणि मला म्हणाले, "हात लावू नकोस." जशी काही मी ती कुकरमध्येच लावणार होते! फेरीबोटीवरून निवृत्त झाले, पण हुकूम सोडणं काही निवृत्त झालं नाही.

आमच्या छोट्या बोटीवर बसवायची आहे. आधी रेडिओला जोडायची — म्हणजे संकटात लाल बटण दाबलं की आपण कुठे आहोत ते आपोआप कळतं. मग आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्राला. "संध्याकाळपर्यंत होतं बघ."

४ मार्च
झालं नाही.

८ मार्च
रेडिओवर आपली जागा उमटतच नाही. नुसत्या रेघा. दोष कुणाचा? कंपनीचा. मग दुकानदाराचा. मग माझा — मी चहा घेऊन बोटीवर गेले आणि ह्यांचं लक्ष उडालं! माहितीपुस्तक अजून पिशवीत सीलबंद. "ते नवशिक्यांसाठी असतं."

१३ मार्च
सुकाणूचं यंत्र जोडलं. चाचणीला मला सोबत नेलं — साक्षीदार हवा ना. बटण दाबलं आणि बोट बंदरातच गोल गोल फिरायला लागली! धक्क्यावरून डिझेलवाला ओरडला, "कप्तान, काही हरवलंय का?" हे मान ताठ ठेवून त्याला हात करत होते, जणू सगळं ठरवूनच चाललंय. मी हसू दाबता दाबता उचकी लावून घेतली.

१४ मार्च
गंमत अशी, की आमची मुलगी हेच काम करते. खाडीपलीकडच्या बोटींच्या कारखान्यात. ठरलेलं लग्न मोडून तिने ती नोकरी धरली, तेव्हापासून साहेबांच्या लेखी ती नाहीच. मी तिच्याशी बोलते ते न्हाणीघरात, नळ सोडून.

आज जेवताना भिंतीकडे बघत म्हणाले, "कुणाला तरी विचारायला हवं."
"कुणाला?"
"कुणालाही. पण मी विचारतोय असं सांगायचं नाही."
वा! भिंतीने मान डोलावली असेल.

१५ मार्च
फोन केला. नळ न सोडता.

ती खो खो हसली. "आई, बोलायची तार बोलायच्याच तारेला जोडली असेल त्यांनी. दोघं बोलतायत, ऐकत कुणीच नाही." म्हटलं, या घरात वाढलीस, तुला कळणारच. मग तिने नीट सांगितलं — एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला. माहिती पाठवायचा वेग दोन्हीकडे सारखा. आणि सुकाणूचं होकायंत्र लोखंडापासून लांब.

ठेवता ठेवता म्हणाली, "खोकला कमी आहे का त्यांचा?"

१६ मार्च
"दुकानदार म्हणाला," असं सांगून सगळं ऐकवलं. "हेच तर मी म्हणत होतो!" — साहेब. म्हणत होते! दुपारी तारा बदलल्या, होकायंत्र लोखंडापासून लांब हलवलं. रेडिओवर जागा उमटली, बोट सरळ चालली. माझ्या मोबाइलवरही आता बोट दिसते, निळा ठिपका. म्हणजे समुद्रावर गेले तरी माझ्या डोळ्यांसमोरच. सुटका नाही.

२० मार्च
सकाळी एकटेच निघाले. "मासे बघून येतो." इस्त्रीचा शर्ट घालून!

ठिपका माशांच्या बाजूला वळलाच नाही. सरळ खाडीच्या तोंडाशी. फोन लावला, उचलत नाहीत. पुन्हा बिघडलं की काय यंत्र? भाजी करपली. माझी चेष्टा कुठल्या कुठे पळाली. मग ठिपका पलीकडच्या किनाऱ्याला लागला आणि थांबला.

२० मार्च, संध्याकाळ
मुलीचा फोन. कुजबुजत.

"आई, बाबा आलेत. म्हणतात, यंत्र बिघडलंय, बघून दे. मी सगळं उघडून बघितलं गं. काहीच बिघडलेलं नाही."
"मग काय सांगितलंस?"
"म्हटलं, दोन-तीन दिवस लागतील."