ससा कुणाला द्यायचा नाही

रविवार, ५ जानेवारी १९९७

आज नेरुळ ससा बचाव व दत्तक मंडळाची स्थापना. स्थळ आमचा हॉल, उपस्थिती तीन. अध्यक्ष मी. नाव मीच सुचवलं, अनुमोदनही मीच दिलं, कुणी हरकत घेतली नाही. सेक्रेटरी वरच्या मजल्यावरच्या सुचित्राबाई, शाळेत सायन्स शिकवतात. सभासद विजयमाला, म्हणजे आमची ही. ती किचनमध्ये चहा करत होती. आतून 'हं' म्हणाली, तो होकार धरला.

लोक पोरांच्या वाढदिवसाला ससे आणतात आणि महिन्याभरात कंटाळून गार्डनमध्ये सोडून देतात. मागच्या आठवड्यात दोन सापडले, आज तिसरा. पांढरा, एक कान काळा, चालण्यात रुबाब. नाव सरदार ठेवलं. आपला ग्राउंड फ्लोअर आहे, मागच्या मोकळ्या जागेत पिंजरे लावले.

संकल्प: पारखून घेतल्याशिवाय ससा कुणाला द्यायचा नाही. तुर्भ्याच्या कारखान्यात अठरा वर्षं स्टोअर सांभाळतोय. माझ्या नजरेतून साधा नटबोल्ट सुटत नाही, माणूस काय सुटणार.

रविवार, १२ जानेवारी

सुचित्राबाईंनी शाळेच्या बोर्डावर नोटीस लावली होती. पाच कुटुंबं आली. पाचही नापास.

एकाने विचारलं, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? हेतू उघड आहे. एकांच्या घरी तपासणीला गेलो तर ओट्यावर पंचवीस माणसांचं पातेलं. म्हणाले बारसं आहे. बाळ दाखवलं. बाळ खरं वाटलं, तरी पातेलं मोठंच होतं. एक नवं जोडपं आलं, ते सारखं हसत होतं. इतका आनंद कशाचा? एकांनी येतानाच गाजरं आणली, ही सरळ लाच. शेवटचे रिटायर्ड गृहस्थ अगदी सज्जन वाटले. तेच खटकलं.

सुचित्राबाई म्हणाल्या, "शेडगेसाहेब, अशाने एकही ससा जायचा नाही." बाईंना एवढी घाई का? नजर ठेवली पाहिजे.

बुधवार, २२ जानेवारी, संध्याकाळी ७

नवीन प्रकरण. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून मासे विकायला सगुणाबाई येते. आज तिने टोपली दारात ठेवली आणि सरळ मागे गेली. सरदारला दोन्ही हातांनी उचललं आणि तोललं. पापलेट तोलतात तसं! म्हणाली, "दादा, ह्यो मना दे. माज्या घरी मोप जागा हाय, गवत हाय."

मासे विकणारी बाई. ससा मागते. मी तिच्या डोळ्यांत रोखून बघितलं. तिला वाटलं मला बोंबील हवेत. घ्यावे लागले.

जाता जाता म्हणाली, "याला बिस्कुटं कशाला चारतंस?" आता ग्लुकोजचं बिस्किट पौष्टिक असतं हे हिला कोण सांगणार? सकाळी चहाबरोबर दोन मी खातो, चार सरदार खातो. संध्याकाळी पाव. बाकीचे दोन ससे पाल्यावर खूश आहेत, पण सरदारचा माझ्यावर जीव. माझा आवाज ऐकला की जाळीला येऊन उभा राहतो. हे तिला बघवलं नसणार.

रविवार, २ फेब्रुवारी

दिवाळ्याला गुप्त पाहणी. वेषांतर: गॉगल आणि कानटोपी. मासळी वाळत घातलेल्या काठ्यांच्या आड उभा राहिलो. तिसऱ्या मिनिटाला एका म्हातारीने विचारलं, "कोन पायजे?" पाचव्या मिनिटाला सगुणाबाई स्वतः हजर. "दादा, उनात कशाला उबा? चल, चा पी." प्यायलो. नाही म्हटलं असतं तर तिला संशय आला असता.

अंगणात दोन शेळ्या, काही कोंबड्या आणि एक बदक. बदकाच्या मोडक्या पायाला काडी बांधलेली. कोंबड्या म्हाताऱ्या आहेत, अंडी देत नाहीत म्हणाली. मग ठेवल्यास कशाला, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, "आता त्या कुटं जातील?"

उत्तर पाठ केल्यासारखं वाटलं. बाई हुशार आहे. अर्ज नामंजूर.

गुरुवार, १३ फेब्रुवारी, सकाळी ७

सरदारने बिस्किट हुंगलं आणि तोंड फिरवलं. कोपऱ्यात बसून दात करकर वाजवतोय. रात्रीची एक लेंडी नाही. विषप्रयोग!

८.००. रजा टाकली. काल सुचित्राबाईंनी कोथिंबीर आणून दिली होती. उरलेली जुडी पिशवीत सील केली, वर तारीख घातली, फ्रिजमध्ये ठेवली. मग त्यांची उलटतपासणी. म्हणाल्या, "आधी डॉक्टरकडे न्या हो त्याला." विषय कसा बदलतात बघा.

१.००. जेवताना चटणी फार छान झाली होती. दुसऱ्यांदा घेतल्यावर विजयमालाला विचारलं, कोथिंबीर कुठली? फ्रिजमधली. पुरावा आम्ही दोघांनी खाल्ला. दोघांनाही काही झालं नाही. म्हणजे विष फक्त सशांनाच लागू पडणारं असावं.

३.००. सरदार तसाच. हात लावला तर पोट टम्म फुगलेलं. माझा आवाज ऐकून मान वर केली नाही. विजयमाला म्हणाली, "अहो, उठा की, जाईल तो!" म्हटलं, संशयितांची यादी पुरी होऊ दे.

४.३०. सगुणाबाई आली. टोपली टाकली, पिंजरा उघडला, सरदारला पदरात घेतलं आणि रिक्षात बसून गेली. दिवसाढवळ्या अपहरण! निघतो.

९.००. सविस्तर. स्कूटर चालू होईपर्यंत रिक्षा नाक्यावर पोचली होती. तरी सोडली नाही. थेट महापेपर्यंत पाठलाग केला. एका कंपनीच्या गेटावर रिक्षा थांबली आणि आतून दोन जाडे इंजिनियर उतरले. म्हणजे बाईने वाटेत रिक्षा बदलली. अट्टल आहे. घरी आलो तर कुलूप. पायरीवर बसून राहिलो. आठ वाजता विजयमाला रिक्षातून उतरली. ती पहिल्यापासून सगुणाबाईच्या शेजारी बसली होती. माझ्या नजरेतून कशी सुटली कळत नाही. दोघी बेलापूरला जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आतडं बंद पडलेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी चार तास गेले असते तर ससा हाती लागला नसता. मग त्यांनी विचारलं, पाव-बिस्किटं कोण देतं? विजयमाला म्हणते, मी गप्प बसले, पण सगुणाबाईही गप्प बसली. तिने माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नसेल?

विष नव्हतं. शिवाय सरदार मादी आहे. ही गोष्ट दीड महिना माझ्यापासून कुणी लपवली, ते शोधावं लागेल.

आज चहा नुसताच घेतला.

रविवार, १६ फेब्रुवारी

दिवाळ्याला गेलो, वेषांतर न करता. सगुणाबाई तीन दिवस धंद्याला गेलेली नाही. दर दोन तासांनी औषध द्यायचं आणि पोट चोळायचं. सरदार तिच्या मांडीवर होता. होती. मी हाक मारली, कान हलला नाही. मग सगुणाबाईने गवताची एक काडी पुढे धरली. बराच वेळ नुसतीच हुंगली. मग खायला लागली. अर्धी काडी संपायला दहा मिनिटं लागली. मी उभ्यानेच बघितलं.

डोळ्यांतून पाणी आलं. तिथला वारा खारा आहे.

रविवार, २ मार्च

सभा. सगळे ससे दिवाळ्याला हलवावेत आणि जानेवारीतल्या कुटुंबांना परत बोलवावं, असा ठराव सुचित्राबाईंनी मांडला. विजयमाला चहा अर्धवट ठेवून बाहेर आली आणि तिने हात वर केला. मंडळ स्थापन झाल्यापासून ती पहिल्यांदाच सभेसाठी हॉलमध्ये आली. नवीन अध्यक्ष सगुणाबाई. मी हात वर केला नाही, पण खांदा दुखत होता म्हणून चोळत होतो, ते सुचित्राबाईंनी मत धरलं. ठराव एकमताने मंजूर. कट जुना असणार.

रविवार, ३० मार्च

सरदारसाठी रीतसर अर्ज केला होता. आज सगुणाबाई आणि सुचित्राबाई घर बघायला आल्या. मी मागची जागा धुऊन ठेवली होती, ताजं गवत आणलं होतं. सुचित्राबाई गवताला चांगलं म्हणाल्या. सगुणाबाईने सगळं बघितलं, मग माझ्यासमोर बसली. म्हणाली, "दादा, तुजा तिच्यावर जीव हाय, मना ठाव हाय. पन ती मरत हुती आन तू यादी करत हुतास. तुला नाय देनार. तू येत जा तिला बगायला."

मी विजयमालाकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

सखोल विचारांती अर्ज मागे घेतला. तशी नोंद करायला सुचित्राबाईंना सांगितलं. त्यांनी लिहून घेतल्यासारखं केलं. वहीत काय लिहिलं ते दाखवलं नाही.

रविवार, ६ एप्रिल

रिकाम्या पिंजऱ्यात विजयमालाने कांदे भरले. हवा छान लागते म्हणाली.

दुपारी दिवाळ्याला. मला गवत निवडायचं काम दिलं. हसणारं जोडपं एक ससा घेऊन गेलं, अजूनही हसतंय. रिटायर्ड गृहस्थांनी दुसरा नेला. मी दोघांचेही पत्ते टिपून ठेवलेत. सरदार कुणाला द्यायची नाही, ती इथेच राहणार, असं सगुणाबाई म्हणाली.

गवत निवडताना सरदार अंगण ओलांडून आली. माझे दोन्ही हात हुंगले. हातांत काही नव्हतं, खिशातही नव्हतं. तरी माझ्या चपलेला टेकून बसली. बराच वेळ बसली. पाय बधिर झाला, पण हलवला नाही.

तिला नक्की काय पाहिजे होतं, कळलं नाही.