सातवा रकाना

प्रिय धाकट्या,

तुझे तिन्ही फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळते. कागदावर तुला ते कधी जमलं नाही.

माझ्या भूखंडाचं वाटप रद्द झालं, हे तुला कळलं असेलच. नोटीस तुझ्याच खात्यातून निघाली. वाटप अनियमित, जागा प्रसूतिगृहाच्या नव्या इमारतीसाठी राखीव होती, तीस दिवसांत घर रिकामं करा. त्याच प्रसूतिगृहात मी जन्मभर मेट्रन होते. एका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी निजवल्या, नव्या इमारतीसाठी अर्ज करकरून थकले. आणि माझं स्वयंपाकघर नेमकं तिच्याच जागेवर उभं आहे. हे तुला ठाऊक होतं, मला नव्हतं. परवा वॉर्डातली जुनी आया फाटकाशी भेटली. म्हणाली, बाई, तुम्हीसुद्धा? बाळंतिणींची जागा लाटली म्हणून ती मला विचारत होती. मला, धाकट्या.

काल सुनावणी होती. अधिकारी बाई तरुण, पण कागद नीट वाचणारी. तिने माझा तीन वर्षांपूर्वीचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. अर्जात जागा कोरी सोडायची नाही, पट्टीने रेघ मारायची, असं शाळेत सिस्टर शिकवायच्या. कोऱ्या जागेत कोण काय लिहील, नेम नाही. मी तुलाही ते शिकवायला जायचे आणि तू ‘ताईची रेघ’ म्हणून माझी टर उडवायचास. तर अर्जभर माझ्या रेघा होत्या. फक्त सातव्या रकान्यात नव्हती. अर्जदाराच्या नावे अन्य घर आहे काय? तो राहू दे ताई, तो ऑफिसात भरतात, असं तूच म्हणाला होतास. जन्मात एक रकाना मी कोरा सोडला, कारण सांगणारा तू होतास. तिथे आता ‘नाही’ लिहिलेलं आहे, आणि त्या वेलांटीला तुझं नेहमीचं शेपूट आहे.

ज्या घरात तू राहतोस ते अर्धं माझ्या नावावर आहे. बाबांनीच तसं केलं होतं. नवी जागा किती हवेशीर, ताईला किती निवांत, हे तुम्ही दोघं नवरा-बायको का घोकत होतात ते आता कळलं. मी निघाले त्याच आठवड्यात माझ्या खोलीची भिंत पाडलीत. मुलांना अभ्यासाला जागा हवी असेल, असं मी मूर्खासारखं सगळ्यांना सांगत सुटले.

अधिकारी बाईंनी सोमवारपर्यंत त्या अक्षराचा नमुना मागितला आहे. तुझी सगळी पत्रं माझ्या डब्यात आहेत. त्यातलं वसतिगृहातलं निवडलं: नापास झालो, बाबांना सांगू नकोस, पुन्हा असं करणार नाही. मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारी अकरा वाजता ते टेबलावर ठेवणार आहे. त्याआधी तू स्वतः जाऊन कबूल केलंस, तर ते डब्यातच राहील. तेवढ्यासाठी हे पत्र. भूखंड मी भांडण न करता सोडते आहे. तो बाळंतिणींचा आहे. रविवारी सामान घेऊन माझ्या घरी येते. भिंत बांधायला घे.

सहीखाली उरलेल्या जागेत मी रेघ मारली आहे.

तुझीच, अजूनही,
ताई