पोपची पदवी आणि आम्ही दोघं

४ ऑक्टोबर १९८६
पोपनं मला नाइट, म्हणजे सरदार, केलंय! मला — कराडच्या शाळेतल्या त्र्यंबकला. रोमहून मंजुरी आली, फादर मायकल सांगत होते. चर्चच्या तळघरात दर शनिवारी मोफत दवाखाना चालवतो, त्याबद्दल. अहो, मी हिंदू, म्हटलं. "क्वचित इतरांनाही देतात, डॉक्टर." हिरव्या कशिद्याचा कोट, तलवार, पिसांची टोपी! शाळेत घोडेस्वारांच्या कविता बाकावर ताल धरून म्हणायचो. भुजंगप्रयातात टापा आपोआप वाजतात. आज इथे परदेशात, सबंध एडिसन गावभर वाजत होत्या.

७ ऑक्टोबर
इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी नरेंद्र फोनवर. "काका, आता गळ्यात क्रॉस घालून आरतीला येणार का?"
"येईन. तलवारही आणीन."
"लोक म्हणतायत, काका बाटले."
म्हणू देत. इतकी वर्षं कुणाच्या खोकल्याला धर्म विचारला नाही, आता पदकाला विचारू? घेणार म्हणजे घेणारच.

८ ऑक्टोबर
आरशासमोर ताठ उभं राहून पाहिलं. गुडघा दुखला.

१२ ऑक्टोबर
समारंभाची आखणी. माझी बायको सुमित्रा कुठे उभी राहील, विचारलं. फादर म्हणाले, "पहिल्या रांगेत, पाहुण्यांत."
पाहुणी कसली? दवाखाना दोघांचा. पेशंट बोलतात ते स्पॅनिश तिला येतं, मला नाही. बाया दुखणं आधी तिला सांगतात, मग मी नाडी धरतो. हे सगळं सांगितलं. फादर ओशाळले. "ही पदवी बायकांना नाही, डॉक्टर. रूल रोमचा आहे."
मग मलाही नको — तिथल्या तिथे सांगून टाकलं. गाडीत मोठ्यांदा कविता म्हणत घरी आलो. घसा बसलाय. बसू दे.

१५ ऑक्टोबर
नरेंद्र एकदम खूष. "धर्म राखलात, काका. दिवाळीच्या प्रोग्रॅममध्ये तुमचा सत्कार."
अरे, धर्मासाठी नाही, सुमित्रासाठी. "सत्कार दोघांचा का?"
"काकूंची ओटी भरू ना."
म्हटलं, मग तोही कॅन्सल कर. रोम काय नि एडिसन काय!

१६ ऑक्टोबर
दोन्ही नकार सुमित्राला आज शेजारच्या शरयूकडून कळले. चहा ठेवून समोर बसली. "दोन्हीकडे माझ्या नावावर नाही म्हणून आलात. मला विचारलंत?"
दवाखान्यात बायकोच्या वतीनं बोलणाऱ्या नवऱ्यांना गप्प करते, त्याच आवाजात.