दीडशे पावलांवरची विहीर

शाहूपुरी, कोल्हापूर
१६ मार्च २००३

प्रसेनजीत,

जय भीम. आईच्या गुडघ्यांच्या गोळ्या पाठवल्या आहेत. जेवणानंतर द्यायच्या. तू विसरतोस.

शुक्रवारी तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून लिहिते.

पेपरातला फोटो पाहिला. दोन्ही विहिरी सगळ्यांना खुल्या, आणि सरपंच गावच्या विहिरीची घागर आपल्या वस्तीच्या विहिरीत ओततोय. ओतायचं होतं फक्त पाणी. घागर तू भरलीस, आणि तीत वीतभर दोन मरळी होत्या, लहान मासे गिळणाऱ्या.

आजोबांनी १९३१ साली आपली विहीर खोदली. पाणी स्वच्छ राहावं म्हणून ओढ्यातले बोटाएवढे मासे सोडले. गावच्या विहिरीतही त्याच ओढ्यातले. तिथे मरळ होती, इथे कधीच नव्हती. गावच्या विहिरीवर हाताची सावली पडली की मासे तळ गाठतात. आपले वर येतात. दोन्हीकडची पिल्लं मी काचेच्या टाक्यांत वाढवली, तरी तसंच. सत्तर वर्षांत पळणं त्यांच्या रक्तातून गेलं.

मरळीपुढेही ते पळणार नाहीत, हे मी तुला विहिरीच्या काठावर बसून सांगितलं होतं.

हे माहीत असून मरळी टाकल्यास का, असं फोनवर विचारलं. तू म्हणालास, "व्हय आक्का, म्हाईत हुतं. तुझ्या प्रबंधात दोन हिरी भौगोलिक कारणानं येगळ्या हायत न्हवं? मिटवलं की मी ते कारण."

मग तू फोन ठेवलास.

ते वाक्य माझंच. माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं नव्हतं. दोन विहिरींत दीडशे पावलं, त्यात भूगोल कसला? परीक्षक कोण येतील माहीत नाही, म्हणून लिहिलं. आडनावावरून जात कळणारच होती. तरी लिहिलं.

काल ते पान बदललं. 'गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नव्हते.' सर म्हणाले, हे विज्ञानात बसत नाही. मी म्हटलं, आठ वर्षांचं काम त्यावरच उभं आहे. प्रबंध असाच जाईल, नाहीतर जाणार नाही.

हे तुझ्यामुळे झालं असं गावात मिरवू नकोस. भांडण माझ्याशी होतं. तोंडावर बोलायचं होतंस. तू त्या माशांना मरळीपुढे टाकलंस.

गुरुवारी रजा घेऊन येते. विहीर उपसून आपले मासे उरलेत ते घेऊन जाईन. पंपाची किल्ली आईजवळ ठेव. तू तिथे थांबू नकोस.

आशीर्वाद या वेळी लिहीत नाही.

ललिता